नावापुढचं अक्षर

जोलीनने सूपचा वाडगा बाजूला सरकवला आणि टेबलावर कागदांचा गठ्ठा पसरला. “मॉम, हे बघ, तू पण आहेस यात,” असं म्हणून तिने एका ओळीवर बोट टेकवलं. एप्रिलमधला रविवार होता. चर्चहून आल्यावर मायलेकी स्वयंपाकघरातच कोबीचं सूप आणि पाव घेऊन बसल्या होत्या. बर्नीसने चष्मा शोधून लावला. लेकीच्या बोटाखाली तिचं नाव होतं, बर्नीस कोवाचिक. मग घराचा पत्ता, मग वय एकसष्ट, आणि त्यापुढे ओळीने दहा चौकोन. दहाही चौकोनांत एकच अक्षर होतं, डी. “हे काय गं?” “गेल्या दहा प्रायमऱ्या. दर मे महिन्यात तू कुठल्या पक्षाची मतपत्रिका मागितलीस ते. डी म्हणजे डेमोक्रॅट, आर म्हणजे आम्ही.” “आणि हे तुझ्याकडे कसं?” “आता मी उभी आहे ना? उमेदवाराला देतात यादी. घरोघरी फिरायचं म्हणजे कुणाचं दार वाजवायचं ते कळायला नको? तशी ही काही गुपित नसते, मॉम. ज्याला बघायची तो बघू शकतो.” जोलीनने पाव सुपात बुडवला आणि भरल्या तोंडाने हसली. “मत कुणाला दिलंस ते नाही कळत, घाबरू नकोस. नुसता कुणाचा कागद घेतलास तेवढंच. पण येत्या मेमध्ये अकरावा चौकोन येईल बघ, आर! अख्ख्या गल्लीत तू एकटी. मी फ्रेम करून दुकानात लावणार.” बर्नीसही हसली. मग तिने तो कागद हळूच पालथा घातला.

तसं पाहिलं तर तिला यात नवीन काहीच नव्हतं. चाळीस वर्षं ती मे महिन्यात मतदानाच्या टेबलापाशी जात होती. नोव्हेंबरची निवडणूक सगळ्यांची असते, तिथे एकच मतपत्रिका आणि कुणी काही विचारत नाही. मेमधली, म्हणजे प्रायमरी, ज्या त्या पक्षाची असते, आपला उमेदवार कोण हे पक्ष आपल्या माणसांना विचारून ठरवतो. म्हणून टेबलापाशी नाव सांगायचं, सही करायची आणि कुणाचा कागद हवा ते तोंडाने बोलायचं. बोललेलं ते कुठेतरी टिपलं जात असणार, हे तिला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणणार? पण ते असं दहा चौकोनांत, आपल्या घरनंबराखाली, सुपाच्या वाडग्याशेजारी पसरता येतं, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि जे जोलीनच्या टेबलावर पसरलंय ते एमिल रॅडिचच्या टेबलावरही पसरत असणार.

एमिल रॅडिच तिचा साहेब. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, घरपट्टीच्या ऑफिसचा प्रमुख, सहा वेळा निवडून आलेला, अर्थातच डीचा. कॅल्डर हार्बर शहरात पोलादाची भट्टी पेटली तेव्हापासून कोर्टहाऊसमधली, म्हणजे काउंटीच्या कचेऱ्यांतली, प्रत्येक खुर्ची डीची. देशात कुणीही येवो, इंडियाना राज्यात काहीही होवो, इथे तेच. नदीपलीकडच्या काउंटीत हाच सगळा मामला आरच्या नावाने चालतो, तिथली माणसं डीचा कागद मागायला कचरतात, एवढाच फरक. रॅडिच तसा वाईट माणूस नव्हता. लिओ, बर्नीसचा नवरा, गेला तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला तो आला होता, नाताळात ऑफिसातल्या प्रत्येकीला हातात हात घेऊन नावाने विचारत असे. तो कधी कुणाला काही बोलला, असं बर्नीसच्या चोवीस वर्षांच्या नोकरीत कुणी ऐकलं नाही. आणि तरीही मे महिना उजाडला की ऑफिसातल्या सगळ्याजणी एकमेकींशी जरा कमीच बोलत. वँडाचं काय झालं हे सगळ्यांना माहीत होतं. वँडाचा भाचा एका वर्षी आरकडून उभा होता, तिने त्याच्यासाठी आरचा कागद घेतला. जूनमध्ये तिचं टेबल तळघरात गेलं, जुन्या नकाशांच्या कपाटांपाशी. “तुझा अनुभव तिथे कामाला येईल,” असं सांगून. तिथे खिडकी नव्हती. दीड वर्षाने ती जागाच रद्द झाली. आता वँडा सुपरमार्केटात गल्ल्यावर बसते आणि बर्नीस दिसली की तिचं सामान जरा जास्तच जपून पिशवीत भरते. कागदामुळेच हे झालं का? कोण सांगणार! कुणी म्हटलं नाही, कुणी लिहिलं नाही. लिहिलेलं असतं तर ते खोडता तरी आलं असतं.

बर्नीसला अजून सव्वीस महिने काढायचे होते. त्यानंतर पेन्शन, त्यानंतर दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया, विम्याच्या जिवावर. सव्वीस महिने खिडकीपाशी बसायचं, लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, शिक्के मारायचे. एवढंच तिने मागितलं होतं आयुष्याकडे, आणि आता ही पोरगी. ही पोरगी लहानपणापासून अशीच, दुसरीच्या वर्गात पाद्रीबाबांना उलट विचारणारी. जोलीनचं कुत्र्यांचे केस कापायचं दुकान होतं, हॅरिसन रस्त्यावर. काउंटीने तो रस्ता गटारासाठी खणला आणि तीन वर्षं तसाच ठेवला. गिऱ्हाईक कुत्रं काखेत मारून फळकुटांवरून यायचं, मग येईनासं झालं. जोलीन काउंटी कौन्सिलच्या प्रत्येक सभेला गेली, मिळतात तेवढी तीन मिनिटं बोलली, प्रत्येक सभेत तिचे आभार मानले गेले. शेवटी ती चिडून म्हणाली, आता मीच येते तुमच्यात. डीकडून उभं राहायला रांग होती आणि रांगेत सगळे कुणाचे ना कुणाचे मेव्हणे. आरकडे माणूसच नव्हतं. होतं ते एकच, एक निवृत्त कवायत मास्तर. त्या मास्तराला मेमध्ये हरवलं की नोव्हेंबरात खरी लढत. आणि या वॉर्डात आरचा कागद मागणारी माणसं ती किती? दोनशे, फार तर सव्वादोनशे. “एकेक मत सोन्याचं आहे, मॉम,” असं जोलीन रोज फोनवर म्हणे, आणि रोज बर्नीस म्हणे, “हो गं बाई, मी आहे ना.”

ती होतीच. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे नीट सांगायला हवं. लेकीला मत द्यायचं की नाही असा प्रश्न तिने स्वतःला एकदाही विचारला नाही. प्रश्न एका शब्दाचा होता. कागदावर काय करायचं ते पडद्याआड असतं, तिथे ती वाघीण होती. पण पडद्यापर्यंत पोचायला ती टेबलापाशी उभी राहणार, मागे गल्लीतली आठ-दहा माणसं, पुढे मार्ज. मार्ज ओर्लोव्स्की तिच्या घरासमोर राहायची, गेली बारा वर्षं त्या टेबलावर डीच्या वतीने बसायची आणि रॅडिचच्या बायकोची सख्खी बहीण होती. त्या मार्जच्या तोंडावर तो शब्द म्हणायचा. बर्नीस कामावर जाताना गाडीच्या काचा वर करून तो म्हणून पाहू लागली. “रिपब्लिकन.” पहिल्या दिवशी ती अर्ध्या शब्दावरच थांबली. दुसऱ्या दिवशी सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने बघितलं तशी ती गाणं म्हणत असल्यासारखी मान हलवू लागली. आठवडाभराने शब्द सुटा बाहेर पडायला लागला, पण तो तिच्या आवाजात येईना, कुणीतरी परका माणूस मागच्या सीटवरून बोलतोय असं वाटे. त्यात जोलीनने दिलेल्या पत्रकात तिने आणखी एक गोष्ट वाचली. पक्ष बदलून कागद मागणाऱ्याला टेबलावरचा कुणीही हरकत घेऊ शकतो, मग शपथेवर लिहून द्यावं लागतं की येत्या नोव्हेंबरात मी बहुतेक मतं याच पक्षाला देणार आहे. खोटी शपथ म्हणजे गुन्हा. “असं कुणी करत नाही गं,” जोलीन म्हणाली. “वीस वर्षांत कुणी हरकत घेतलेली मी ऐकली नाही.” पण बर्नीसला ती शपथ झोपताना दिसायची, खाली सहीची रेघ, आणि रेघेपलीकडे मार्जचं नखरंग लावलेलं बोट.

या सगळ्यात ताता मध्येच येऊन बसायचे. ताता म्हणजे तिचे वडील, बत्तीस वर्षं भट्टीवर काम केलेले, उजव्या कानाने बहिरे. ती नऊ वर्षांची असताना ते मतदानाला जाताना तिला हात धरून अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये घेऊन गेले होते. टेबलावरच्या माणसाने विचारलं आणि ताता असे काही ओरडले, “डेमोक्रॅट!” की हॉलमधले सगळे हसले आणि तिला अभिमानाने रडू आलं. चर्चमध्ये पाद्र्याला उत्तर देतात तसा तो आवाज होता. तातांचा आवाज म्हणजे श्रद्धा, हे तिने तेव्हा मनाशी धरलं आणि पुढे तिची पाळी आली तेव्हा तोच शब्द तेवढ्याच मोठ्याने म्हणत आली. आता, इतक्या वर्षांनी, भांडी घासताना तिला त्या हॉलमधला एक कोपरा आठवला. तिथे घडीच्या खुर्चीवर डीचा गल्लीतला पुढारी बसायचा, मिस्टर हालास, गुडघ्यावर वही घेऊन. ईस्टरला तोच घरी हॅम घेऊन यायचा, तोच भट्टीच्या साहेबाला सांगून पाळी बदलून द्यायचा. ताता ओरडले ते टेबलावरच्या माणसाला ऐकू यावं म्हणून नव्हे. टेबलावरचा माणूस तर हातभर अंतरावर होता. बर्नीसच्या हातातली ताटली निसटली. फुटली नाही, पण ती बराच वेळ नळ सोडून तशीच उभी राहिली. एवढा दणकट माणूस! तोही आपल्यासारखाच घाबरत होता की काय? आणि असेल तर त्याने आपल्याला सांगायचं नाही?

मेमधला मतदानाचा मंगळवार उजाडला तो स्वच्छ, तळ्यावरून गार वारं. मतदान सेंट जोसाफाट चर्चच्या हॉलमध्ये होतं, जिथे शुक्रवारी बिंगोचा खेळ चालतो. दारापासून पन्नास फुटांवर खडूची रेघ मारलेली, तिच्या आत उमेदवाराने यायचं नाही. रेघेच्या बरोबर अलीकडे जोलीन उभी होती, हातात स्वतःच्या नावाची पाटी, नाक थंडीने लाल. सात वाजताच आलेली. आईला पाहून तिने पाटी दोन्ही हातांनी वर उचलली. “आली बघा माझी पहिली मतदार!” ती रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडली. बर्नीसने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, “हळू बोल गं.” “का? बघू दे की सगळ्यांना.” “कॉफी प्यायलीस का?” “प्यायले. जा तू, गर्दी नाहीये.” बर्नीस रेघ ओलांडून पुढे गेली. पन्नास फूट चालताना ती मनातल्या मनात शब्द म्हणत होती, रिपब्लिकन, रिपब्लिकन, आणि एका पायरीवर तिच्या लक्षात आलं की आपण जपमाळेचे मणी सरकवावेत तशी कोटाची बटणं चाचपतोय.

आत खसखशीच्या रोलचा वास होता. कुणीतरी घरून भरून ताट आणलं होतं, टेबलावरच्या बायका मध्येमध्ये एक तुकडा उचलत होत्या. रांगेत चारजण. दाढीवाला पोस्टमन डीचा कागद घेऊन गेला, त्याच्या मागची म्हातारी डीचा. तिसरा एक तरुण माणूस होता, बर्नीसला अनोळखी. तो म्हणाला, “रिपब्लिकन,” असा, जणू पावकिलो चीज मागतोय. मार्जने मान वर केली नाही की भुवई हलवली नाही. कागद दिला, बस्स. बर्नीसला वाटलं, एवढंच? एवढंच तर आहे! तिच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. ती पुढे सरकली. नाव सांगितलं, टॅबलेटच्या काचेच्या पाटीवर बोटाने सही केली. मार्जने चष्म्यावरून बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. “बर्नी! गुडघे कसे आहेत? अगं, रोल घे ना, मी केलेत. या वेळी लोणी जरा जास्त झालंय.” बर्नीसने रोल घेतला. नको कसं म्हणणार? तोंडात गोड पिठूळ तुकडा होता आणि तेवढ्यात मार्ज दुसऱ्या हाताने कागदाच्या गठ्ठ्याकडे वळत म्हणाली, “नेहमीचीच ना?”

इतक्या मायेने तिने विचारलं. विचारलं असंही म्हणता येत नाही. खाटीक नेहमीच्या गिऱ्हाईकाला विचारतो आणि विचारतानाच सुरी चालवतो तसं ते होतं. बर्नीसने तयारी केली होती ती हरकतीची, शपथेची, वटारलेल्या डोळ्यांची. असल्या गोडव्याची तिने काहीच तयारी केली नव्हती. घास गिळायचा होता. मागे कुणीतरी खोकलं. तिची मान हलली. एवढीशी, पण खालीवर हलली. “घे,” मार्ज म्हणाली आणि काचेच्या पाटीवर बोट टेकवलं. एक बारीकसा आवाज झाला. बर्नीस कागद घेऊन पडद्याआड गेली.

हे जिभेने दगा दिला म्हणून सोडून देता आलं असतं, आणि पुढे कित्येक दिवस ती स्वतःला तसंच सांगत राहिली. पण पडद्याआड ती अकरा मिनिटं उभी होती. समोरच्या भिंतीवर बिंगोच्या आकड्यांचा फलक होता आणि त्याच्या वर घड्याळ. कागदावर डीची नावं. एमिल रॅडिचचं नाव, त्याच्यापुढे दुसरं नाव नाही, नुसता एक लंबगोल, भरायचा. जोलीनचं नाव या कागदावर नव्हतं, कुठल्याही डोळ्यांनी वाचलं तरी येणार नव्हतं. आणि भिंतीवरच, घड्याळाखाली, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं की मतपत्रिका चुकली असेल तर यंत्रात टाकण्याआधी परत करा, दुसरी मिळेल. तिने ते दोनदा वाचलं. पडद्याबाहेर जायचं, मार्जला म्हणायचं, मार्ज, चुकलं गं, मला दुसरा हवा. मग मार्ज विचारणार, दुसरा म्हणजे? मग तो शब्द. आणि आता नुसता शब्द नव्हे, आता शब्दाच्या आधी ‘चुकलं’ असणार, सगळा हॉल वळून बघणार, मार्ज संध्याकाळी बहिणीला फोन करणार, अगं, काय गंमत झाली आज. सव्वीस महिने. तळघरात खिडकी नाही. ताता आठवले, बहिरा कान तिच्याकडे करून उभे. तिने पेन उचललं आणि रॅडिचचा लंबगोल भरला, नीट, कडेबाहेर न जाता. लहानपणी चित्रं रंगवताना ती अशीच कडा जपायची. कागद यंत्राने आत ओढून घेतला. दारावरच्या बाईने तिच्या कोटावर ‘मी मत दिलं’ असं लिहिलेलं गोल लेबल चिकटवलं. ते लेबल सगळ्यांना एकच असतं, त्याच्यावर डी-आरचं अक्षर नसतं.

बाहेर जोलीन रेघेपाशीच होती. “झालं?” “झालं,” बर्नीस म्हणाली. एवढाच शब्द, आणि तो खराही होता. जोलीनने तिला मिठी मारली, मग हात लांब करून फोनवर दोघींचा फोटो काढला, लेबल दिसेल असा. “हस ना, मॉम!” बर्नीस हसली. हातात अर्धा रोल होता. तो तिने गाडीत बसल्यावर रुमालात गुंडाळला आणि घरी जाऊन टाकून दिला.

संध्याकाळी सहाला मतदान संपलं आणि आठच्या आत जोलीनच्या घरी सगळे नाचत होते. एकशे सात विरुद्ध एकशे चार. कवायत मास्तराने स्वतः फोन करून अभिनंदन केलं. जोलीन खुर्चीवर चढली. “तीन मतांनी!” ती म्हणाली. “फक्त तीन! माझं एक, वेसचं एक,” तिने नवऱ्याकडे बोट केलं, मग ते फिरवून आईकडे आणलं, “आणि तिसरं हिचं! कोर्टहाऊसमधली बाई, चोवीस वर्षांची नोकरी, आणि सरळ आत जाऊन आरचा कागद मागितला हिने. आहे कुणाची अशी आई?” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी तिच्या हातात ग्लास दिला. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. पण भरल्या घरात, खुर्चीवर उभ्या असलेल्या लेकीला? तिने ग्लास ओठाला लावला. दोन दिवसांनी तो फोटो जोलीनच्या आभारपत्रकावर छापून आला. खाली ओळ होती: आईने हिंमत केली, आता तुम्ही करा. लोक रस्त्यात थांबवून बर्नीसचा हात दाबायला लागले. वँडाने गल्ल्यावर बसल्या बसल्या तिच्याकडे पाहिलं, डोळे भरून आले तिचे, आणि ती संत्री पिशवीत एकेक करून ठेवत राहिली.

ऑफिसात तिने दर पावलाला तळघराची वाट पाहिली. ते पत्रक रॅडिचच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो तिच्या खिडकीशी आला. हातात तेच पत्रक होतं. बर्नीसने शिक्का खाली ठेवला. “पोरगी हुशार आहे तुमची,” तो म्हणाला. “नोव्हेंबरात आम्ही तिला पाडणार, पण हुशार आहे.” “हो, मिस्टर रॅडिच.” तो जरा पुढे वाकला. त्याच्या अंगाला दाढीच्या साबणाचा वास होता, लिओच्या अंगाला यायचा तोच. “फोटो छानच आलाय,” तो हळू आवाजात म्हणाला. “पण मला माहीत आहे, बर्नीस. मी टेबलावरची नोंद बघितलीय. आपलं माणूस ते आपलंच.” त्याने तिच्या हातावर दोनदा थोपटलं आणि पत्रक तिच्या टेबलावर ठेवून निघून गेला. म्हणजे ते बघतात. चोवीस वर्षांची शंका एका वाक्यात फिटली. नोकरीची भीती त्या क्षणी संपली, आणि तिला कळलं की ती भीती बरी होती. तिच्या पोटची पोर पत्रकं वाटत फिरत होती आणि तिच्या आईचं खरं काय ते या माणसाच्या खिशात होतं. त्याला कुणाला सांगायचीही गरज नव्हती. जोलीनला नवी यादी मिळणारच होती.

जून गेला, जुलै गेला. “यादी आली का गं?” असं ती सहज विचारल्यासारखं विचारी. “अजून नाही, ते लोक सगळं नोंदवायला वेळ लावतात,” जोलीन म्हणे. दर वेळी सुटका वाटे आणि सुटकेचीच लाज वाटे. सांगून टाकावं म्हणून ती दोनदा दुकानात गेली. एकदा जोलीन एका ओल्या केसाळ कुत्र्याला मांडीवर धरून कानात काहीतरी समजावत होती, दुसऱ्यांदा दुकानात कुणी नव्हतं आणि नेमकं म्हणूनच बर्नीस कात्र्यांबद्दल बोलून परत आली. भीतीची अशी सवय लागली होती की तीच आता तिला दिवसभर सोबत करत होती. सकाळी आधी भीती उठे, मग बर्नीस.

ऑगस्टच्या एका रविवारी जोलीन आली. टेबलावर कणसं होती, टोमॅटो चिरलेले होते. जोलीनने ताट बाजूला सरकवलं आणि पिशवीतून गठ्ठा काढला. “आली एकदाची! चल, आपल्या गल्लीपासून सुरुवात करू. कुणाकुणाला गाठायचं ते तू सांग.” तिचं बोट घरनंबरांवरून खाली यायला लागलं. समोरच्या बाजूची घरं झाली, मार्जचं घर आलं, “ही मेली काही बदलायची नाही,” जोलीन म्हणाली. मग या बाजूची. कोपऱ्यावरचं घर. पोस्टमनचं. बर्नीसने टेबलाची कड धरली. बोट थांबलं. जोलीन वाचत होती. एका ओळीला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ ती वाचत होती. मग तिने वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता, सहा वर्षांच्या पोरीचा. “मॉम, हे चुकलंय बहुतेक,” ती म्हणाली. “टिपताना चूक होते त्यांची. मागे एका मेलेल्या माणसाने मत दिल्याचं दाखवलं होतं. मी उद्या जाऊन विचारते. त्यांचंच चुकलंय ना?”

पुन्हा तेच. पुन्हा कुणीतरी मायेने विचारत होतं आणि विचारतानाच उत्तर तिच्या ताटात वाढत होतं. मान हलवायची, बस्स, एवढीशी. बर्नीसची मान हलली नाही. “त्यांचं नाही चुकलं,” ती म्हणाली. आवाज फुटला होता, पण शब्द स्पष्ट होते. “मी घाबरले. मार्ज म्हणाली, नेहमीचीच ना, आणि मी... मग बदलून घेता येत होता. मी नाही घेतला. रॅडिच बघतो, जोलीन. खरंच बघतो.”

जोलीनने कागद एकावर एक ठेवले, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. ती ओरडली असती तर बर्नीसला सोसलं असतं. “ते आभारपत्रक,” जोलीन म्हणाली, “चार हजार छापली मी.” मग पिशवीची चेन लावताना ती म्हणाली, “नोव्हेंबरात तसं काही नसतं म्हणा. तिथे कुणी विचारत नाही. तू कुणाला दिलंस ते कुणालाच कळायचं नाही.”

“तुलाच देणार मी. तुझी शपथ.”

“हो ना,” जोलीन म्हणाली. “मलाही नाही कळायचं.”

ती गेली. दार तिने आपटलं नाही, हळू लावलं. बर्नीस कणसांकडे बघत उभी राहिली आणि मग तिला धडकी भरली, मे महिन्यातल्यापेक्षा मोठी. नोव्हेंबरात तो गोल भरायचा, जीव ओतून भरायचा, आणि तो कुठेही लिहिलेला असणार नाही. त्यानंतरच्या नोव्हेंबरातही नाही. लेक विचारेल, झालं? ती म्हणेल, झालं. आणि त्या शब्दाची किंमत आता काय उरली होती? ती गुडघ्यांची पर्वा न करता दाराकडे धावली. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी टेबल मांडून बसावं, सगळी गल्ली मागे उभी असावी आणि तिला विचारावं. पायरीवर येईपर्यंत जोलीनची गाडी कोपऱ्यावर वळली होती. “रिपब्लिकन!” बर्नीस ओरडली. आवाज तिचाच होता, मागच्या सीटवरचा नव्हता. समोरच्या अंगणात मार्ज झाडांना पाणी घालत होती. तिने नळी खाली धरली आणि कपाळावर हात घेऊन बघितलं. “काय म्हणालीस, बर्नी?” बर्नीसने तेच पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने, पण ते लिहून घ्यायला तिथे कुणी नव्हतं.